मराठी फाइलनावं आणि टर्मिनल: एका वाचनालयाच्या सर्व्हरचं प्रकरण

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "अरे, दिवाळी अंकांच्या फाइलींची नावं सगळी गेली. नुसते आकडे दिसतायत. हा मुलगा म्हणतोय नावं साफ करून देतो, स्क्रिप्ट तयार आहे. करू दे का?"

"नको ताई. कशालाच हात लावू नका. मी निघालोच."

हे आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. जुने दिवाळी अंक पिवळे पडून तुटायला लागले, तेव्हा ते स्कॅन करून मागच्या खोलीतल्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर ठेवायचं काम सुरू झालं. फाइलनावं मराठीतच ठेवायची हा ताईंचा आग्रह आणि माझाही. रोमनमध्ये नाव लिहिलं की न आणि ण एक होतात, ल आणि ळ एक होतात, आणि वर्षभराने शोधणारा माणूस आपण तेव्हा कुठलं स्पेलिंग केलं होतं हे आठवत बसतो. नावापाठोपाठ वर्षसुद्धा देवनागरी आकड्यांतच लिहिलेलं आहे.

मी पोचलो तेव्हा स्क्रिप्ट अजून उघडीच होती. चार ओळींची, एएस्कीबाहेरचं, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं सोडून जे असेल ते नावातून काढून टाकणारी. मुलगा मनापासून काम करणारा आहे, कॉलेज सुटलं की रोज दोन तास इथे येऊन बसतो. पण ती चालली असती तर नावातलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक आकडाही गेला असता, कारण देवनागरी आकडेही एएस्कीबाहेरचेच. उरली असती मधली जोडरेघ आणि शेवटचं पीडीएफ. सगळ्या फाइलींना एकच नाव मिळालं असतं, आणि नाव बदलणाऱ्या मूव्ह कमांडने न विचारता एकीवर दुसरी लिहीत शेवटी एकच फाइल शिल्लक ठेवली असती. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अक्षरं चुकीची दिसली की नाव बदलण्याआधी साठवलेले बाइट, म्हणजे डिस्कवरचे मूळ आकडे, पाहायचे, हे मी त्या संध्याकाळनंतर भेटेल त्याला सांगत सुटलोय.

पडद्यावर होतं ते असं. लॅपटॉपवरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) सर्व्हरवर गेल्यावर एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) दिलं की 'दिवाळी'च्या जागी अवतरणचिन्ह, डॉलर आणि उलट्या तिरक्या रेघांमध्ये अडकलेले आकडे येत होते: ३४०, २४४, २४६, मग ३४०, २४४, २७७, आणि असेच पुढे. आकडे नीट पाहिले की तीन-तीनचे गट पडतात, आणि प्रत्येक गटाची सुरुवात ३४० ने होते. हे फाइल खराब झाल्याचं लक्षण नव्हे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, देवनागरीला यू+०९०० ते यू+०९७एफ अशी १२८ जागांची पट्टी आहे आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिला बाइट षोडशमान पद्धतीत कायम ई०, म्हणजे अष्टमान पद्धतीत ३४०. दुसरा ए४ किंवा ए५, म्हणजे २४४ किंवा २४५. ३४०-२४४-२४६ हा द आणि ३४०-२४४-२७७ ही पहिली वेलांटी. म्हणजे आकड्यांच्या वेषात 'दि' जसाच्या तसा समोर होता.

मुलाला म्हटलं, "आता एलएसचं आउटपुट पाइपने कॅटला दे."

त्याने दिलं, म्हणजे यादी थेट पडद्यावर न छापता, आलेलं तसंच पुढे छापणाऱ्या कॅट या कमांडकडे वळवली, आणि सगळी नावं मराठीत उमटली. ताई खुर्चीतून उठून जवळ आल्या.

ही एवढीशी चाचणी फार काही सांगून जाते. समोर टर्मिनल आहे असं दिसलं की एलएस नावं तपासतो, आणि आपल्या मते जे छापण्याजोगं नाही ते आकड्यांत गुंडाळतो. समोर पाइप असला की बाइट जसेच्या तसे सोडून देतो. त्यामुळे पाइपमधून मराठी नीट येत असेल तर तीन गोष्टी एकदम सिद्ध होतात: डिस्कवरची नावं शाबूत आहेत, लॅपटॉपवरच्या टर्मिनलला यूटीएफ-८ कळतं, आणि मराठी दाखवणारा निदान एक फॉन्ट आहे. राहिला तो सर्व्हरवरचा एलएस. देवनागरी छापण्याजोगी नाही, हा समज त्याचा होता.

नावं शाबूत राहतात त्याला कारण आहे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, फाइलनावाकडे अक्षरं म्हणून बघतच नाही, त्याच्या लेखी ती बाइटची माळ असते. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून त्याला काहीही चालतं. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ आखताना हीच काळजी घेतली होती. एएस्कीतलं कुठलंही चिन्ह दुसऱ्या अक्षराच्या बाइटांमध्ये चुकून सापडत नाही, त्यामुळे 'दिवाळी'च्या १८ बाइटांत तिरक्या रेघेचा बाइट कधीच निघणार नाही. मराठी फाइलनाव ठेवायला घाबरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मग सर्व्हरचा असा समज का झाला? लोकेल कमांड दिली; लोकेल म्हणजे भाषा आणि अक्षरपद्धतीचं सेटिंग. लँग या सेटिंगपुढे एमआर_आयएन (मराठी, भारत), खालच्या सगळ्या ओळींतही तेच. मुलगा म्हणाला, "दादा, हे तर बरोबर आहे की."

बरोबर दिसतं खरं. पण ही कमांड काय मागितलंय ते छापते, काय मिळालंय ते नाही. मिळालं नसल्याची तक्रार तिच्या अगदी वरच्या ओळीत असते, आणि त्या ओळीकडे कुणी बघत नाही. खरं उत्तर 'लोकेल चार्मॅप' देते. उत्तर आलं एएनएसआय एक्स३.४-१९६८. हे एएस्कीचंच कागदोपत्री नाव. आमचा सर्व्हर १९६८ च्या अमेरिकी प्रमाणकावर चालत होता, आणि देवनागरी युनिकोडमध्ये आली १९९१ मध्ये.

घडलं होतं ते असं. जुना लॅपटॉप बिघडल्यावर मुलाने नवा लावला आणि मेनू मराठीत दिसावेत म्हणून भाषा मराठी निवडली. उत्तमच केलं. त्यामुळे लॅपटॉपचं लँग झालं एमआर_आयएन. डेबियनचा एसएसएच हे मूल्य मूळच्या सेटिंगप्रमाणे पलीकडे पाठवतो आणि पलीकडचा डेबियन ते स्वीकारतो. पण सर्व्हरवर फक्त अमेरिकी इंग्रजीचं लोकेल तयार केलेलं होतं. मागितलेलं लोकेल सापडलं नाही की प्रोग्राम थेट 'सी' या मूळ लोकेलवर जातात, तिथे एएस्कीपलीकडे काही नाही. जुना लॅपटॉप अमेरिकी इंग्रजीच पाठवायचा, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही जाणवलं नाही.

सर्व्हरवर लोकेल्स पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून यादीतल्या 'एमआर_आयएन यूटीएफ-८' वर खूण केली, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं. चार्मॅपने यूटीएफ-८ सांगितलं आणि एलएसने नावं मराठीत दाखवली. ताईंनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत मुलाने टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालू ठेवणारा प्रोग्राम) उघडलं, कारण रात्रीचा बॅकअप त्यातच चालतो. नावं पुन्हा गायब. या वेळी आकडे नव्हते, प्रत्येक अक्षराच्या जागी खालची रेघ होती. ओळीच्या ओळी नुसत्या रेघांच्या.

माझा या प्रकरणातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. बाहेर सगळं ठीक, टीमक्सच्या आत फक्त रेघा. उत्तर सापडलं तेव्हा वाटलं, हे भारतातल्या प्रत्येक लिनक्स वापरणाऱ्याला माहीत हवं. आपल्या टर्मिनलला यूटीएफ-८ झेपतं का हे ठरवताना टीमक्स लोकेलकडून काही विचारून घेत नाही. एलसी_ऑल, एलसी_सीटाइप, लँग या सेटिंगांपैकी याच क्रमाने जे भरलेलं मिळेल त्याच्या नावात 'यूटीएफ-८' ही अक्षरं आहेत का, एवढंच बघतं. नसतील तर ज्या अक्षरांची खात्री नाही त्यांच्या जागी रेघा काढतं. आता जीलिबसीत, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत, अमेरिकी इंग्रजीच्या लोकेलच्या नावामागे यूटीएफ-८ ही शेपटी असते, कारण त्याच भाषेचा जुना लॅटिन अवतारही तिथे नांदतो. मराठीचा असा जुना अवतार नाहीच. मराठी लोकेल पहिल्यापासून यूटीएफ-८ चंच, म्हणून नाव नुसतं एमआर_आयएन. हिंदी, गुजराती, कोकणी यांचंही तसंच. इतकंच काय, भारतीय इंग्रजीचं ईएन_आयएनसुद्धा बिनशेपटीचं. लोकेल शंभर टक्के यूटीएफ-८, आणि नावात ते लिहिलेलं नाही म्हणून टीमक्स त्याला ओळखत नाही.

पडताळायला टीमक्स 'यू' पर्यायासह उघडलं. या पर्यायाने यूटीएफ-८ आहे असं आपण त्याला ठासून सांगतो. मराठी आलं. मग कायमचा उपाय म्हणून लॅपटॉपवर लँग बदलून एमआर_आयएन.यूटीएफ-८ असं पूर्ण नाव लिहिलं. जीलिबसी दोन्ही नावं एकाच लोकेलची मानते, त्यामुळे बाकी कुठे काही बिघडत नाही. ज्यांचं लँग ईएन_आयएन आहे त्यांनीही हेच करावं, मराठी फाइल एकही नसली तरी. रुपयाचं चिन्हही याच पायी जातं.

यानंतर एक छोटी गोष्ट निघाली, ती पटकन सांगतो. काही नावांत ॲ च्या जागी चौकोन होता आणि चौकोनात बारीक अक्षरांत ०९७२. हा आकडा म्हणजे त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक. अक्षर पोचलंय, ओळखलं गेलंय, फक्त काढून दाखवायला फॉन्टमध्ये त्याचा आकार नाही. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये आलं, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले. मुलाने जुन्या मशीनवरून आणलेला फॉन्ट त्याआधीचा असणार, आणि नव्या लॅपटॉपवर देवनागरीचा दुसरा फॉन्टच नव्हता. असा फॉन्ट शोधताना भाषेच्या नावाने शोधू नका, थेट अक्षराच्या क्रमांकाने शोधा. एफसी-लिस्ट या फॉन्टची यादी देणाऱ्या कमांडला चारसेट ०९७२ दिलं की हे अक्षर असलेलेच फॉन्ट येतात. आमच्याकडे यादी रिकामी आली. नोटोचा देवनागरी फॉन्ट बसवला, चौकोन गेले.

इथपर्यंत तीन दोष, तीन वेगवेगळ्या थरांतले: सर्व्हरचं लोकेल, मधलं टीमक्स, लॅपटॉपचा फॉन्ट. आकडे, रेघा आणि चौकोन ही प्रत्येकाची वेगळी खूण. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसत असता तर दोष चौथ्या जागी असता: यूटीएफ-८ बाइट कुणीतरी लॅटिन समजून वाचतंय.

आता ज्याला पूर्ण उपाय मिळाला नाही त्याबद्दल.

नावं मराठीत आली, पण ताईंना ती आवडली नाहीत. "हे असं तुटक का? वेलांटी बघ कुठे गेलीय." त्यांचं बरोबर होतं. द वेगळा, त्याची वेलांटी शेजारच्या घरात ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली, व पुढे काना सुटा. टर्मिनल हा मुळात चौकटींचा कागद आहे. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलपासून ८० स्तंभ आणि २४ ओळी हा त्याचा साचा, आणि एका घरात एक अक्षर हा त्याचा कायदा. रोमनला तो चालतो. मराठीत अक्षर म्हणजे काय हेच त्या कायद्याला ठाऊक नाही.

'स्त्री' घ्या. आपल्याला ते एक अक्षर. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं: स, पायमोड, त, पायमोड, र, दुसरी वेलांटी. बाइट १८. टर्मिनलमधले प्रोग्राम रुंदी मोजायला डब्ल्यूसीविड्थ नावाचं फंक्शन वापरतात, आणि त्याचा रूढ हिशेब असा की अक्षराच्या खाली-वर बसणाऱ्या चिन्हाला शून्य घरं आणि शेजारी जागा घेणाऱ्या चिन्हाला एक. पायमोड, उकार, मात्रा, अनुस्वार शून्यात. काना, दोन्ही वेलांट्या, विसर्ग एकात. म्हणून 'स्त्री'ला चार घरं मिळतात. पडद्यावर येतं स्, त्, र आणि बाजूला उभी वेलांटी. टर्मिनलने ती जोडून सुंदर काढली तरी आतला प्रोग्राम चारच घरं मोजणार, आणि दोघांच्या हिशेबातल्या फरकाने पुढचे स्तंभ सरकणार. कमांड चालवणाऱ्या बॅशचं प्रिंटएफ (मजकूर छापणारी कमांड) तर रुंदी बाइटमध्ये मोजतं. वीस घरांच्या स्तंभात 'दिवाळी' घातली की १८ घरं संपली असं समजून ते दोनच मोकळ्या जागा सोडतं.

युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत अक्षरसमूह तोडण्याच्या नियमात दुरुस्ती केली, आणि त्या हिशेबाने 'स्त्री' आता एकच समूह आहे. त्याआधी ते तीन होते. ही दुरुस्ती मला मोलाची वाटते, कारण आपण ज्याला अक्षर म्हणतो त्याला प्रमाणकाने प्रथमच एक मानलं. पण टर्मिनल आणि त्यातला प्रत्येक प्रोग्राम तिच्याप्रमाणे मोजू लागेपर्यंत स्तंभ असेच डगमगणार. आम्ही दोन गोष्टी केल्या. वाचायला एमएलटर्म हा टर्मिनल बसवला, तो जोडाक्षरं जोडून दाखवतो. आणि सूचीच्या सगळ्या स्क्रिप्टमध्ये वर्ष, पानं, आकार आधी आणून मराठी नाव शेवटच्या स्तंभात टाकलं. शेवटच्या स्तंभाची रुंदी चुकली तरी त्यापुढे सरकायला काही नसतं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा पुन्हा फोन. "दुसऱ्या आवृत्तीचे अंक शोधतेय. ग्रेप निम्मेच देतोय."

ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड. हा शोध त्यांनी जुन्या टर्मिनलमध्ये केला होता, तुटक दाखवणाऱ्या. मी गेलो आणि शोधात आलेलं एक नाव आणि न आलेलं एक नाव शेजारी ठेवलं. एका नावात र च्या खाली टिंब होतं, दुसऱ्यात नव्हतं. एमएलटर्ममध्ये आणि ब्राउझरमध्ये दोन्ही हुबेहूब सारखी. इथेही दोन्ही लिहितो: दुसऱ्या, दुसर्‍या. आपल्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ला युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एक म्हणजे टिंब असलेला ऱ आणि पायमोड, ही प्रमाणकाची मुख्य वाट. दुसरी म्हणजे साधा र, पायमोड आणि त्यापुढे रुंदी नसलेलं एक अदृश्य जोडचिन्ह, यू+२००डी. पहिल्या 'दुसऱ्या'चे बाइट २१, दुसऱ्याचे २४. ग्रेपला हे दोन वेगळे शब्द.

ताई इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीने टाइप करतात, शिफ्ट आणि जे दाबून ऱ आणतात. मुलाचं टायपिंगचं साधन दुसऱ्या वाटेने जातं. दोघांनी शुद्धच लिहिलं होतं. आदल्या दिवशी ज्या तुटक अक्षरांवर ताई नाराज झाल्या होत्या, त्याच अक्षरांनी हा फरक दाखवला. नीट जोडून दाखवणाऱ्या पडद्यावर तो आम्हाला सापडला नसता.

अदृश्य जोडचिन्ह असलेली नावं ग्रेपनेच काढली. सरसकट बदल मात्र करू दिला नाही. मराठीत ते चिन्ह इतरत्रही येतं, कुणी जोडाक्षर मुद्दाम मोकळं लिहितं तेव्हा. म्हणून ताई एकेक नाव मोठ्याने वाचत गेल्या, मुलगा खूण करत गेला. मग ऱ ची नावं मुख्य वाटेवर आणली, प्रत्येक वेळी आधीच्या फाइलवर लिहायचं नाही हा 'एन' पर्याय मूव्हला देऊन. शेवटी ताईंनी स्वतः ग्रेप लावला आणि आलेल्या ओळी कपाटातल्या अंकांशी ताडून पाहिल्या. एकही कमी नव्हती.